घरच्यासारखं म्हण

आमच्या बालवाडीत नाताळ दणक्यात व्हायचा, कारण मोठ्या बाई ख्रिस्ती होत्या आणि बालवाडी त्यांची होती. पोरं मात्र आसपासच्या गल्ल्यांतली, तीन ते पाच वर्षांची. त्यांना येशू काय नि कृष्ण काय, बाळ आहे एवढं पुरायचं. चिंधीची बाहुली टोपलीत ठेवली की पोरी लगेच बारसं मांडायच्या, बाळाच्या कानात कुर्रर्र करायच्या आणि घुगऱ्या कुठं आहेत म्हणून मला विचारायच्या. मोठ्या बाई हसून म्हणायच्या, "करू दे की गं सलिमा. बाळ हाय तर बारसं नको व्हय?"

त्या वर्षी नाटक बसवायचं काम माझ्याकडं आलं. नाटक कसलं, खेळच. माझी ओढणी डोक्यावरून घेतलेली बायडा मरिया. हातात काठी घेतलेला ज्ञानू योसेफ. दोघांनी दार वाजवायचं आणि म्हणायचं, "लांबनं आलोय, रातीपुरती जागा द्या." धर्मशाळेचा मालक कृष्णात. त्यानं एवढंच म्हणायचं, "जागा न्हाय. मागं गोठा हाय, तिकडं जावा." मग मेंढरं झालेली बारकी पोरं बें बें करत गोठ्यात शिरणार, बाळ जन्मणार, लाडू वाटणार, संपलं.

पण गाडी अडली ती कृष्णातपाशी. काही केल्या त्याच्या तोंडून 'न्हाय' निघेना. दार वाजलं की उघडून म्हणायचा, "या की पावणं! बसा की. चा घेणार न्हवं?" दारात आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय सोडायचं नाही हे कोल्हापूरच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. त्यामुळं रोज तालमीला मरिया आणि योसेफ धर्मशाळेत ऐसपैस बसून खोटा चहा फुर्र करून प्यायची, आणि गोठ्यातली मेंढरं वाट बघून पेंगायची.

मला हसू यायचं. हसू यायचे दिवस नव्हते, तरी यायचं.

कारण जागा आम्हीच शोधत होतो. दिलदार, माझा नवरा, शिरोलीच्या फौंड्रीत साचे भरायचा. आमच्या घरमालकाच्या पोराचं लग्न ठरलं आणि त्यानं वर्षअखेरीला खोली मोकळी करून मागितली. दुसरी मिळाली नाही तर दिलदारनं कारखान्याच्या शेडमध्ये झोपायचं, मी बालवाडी सोडून कुरुंदवाडला सासरी जायचं, असं ठरलेलं. सासर वाईट नव्हतं. पण तिथं बालवाडी नव्हती, आणि या पोरांशिवाय मला करमत नव्हतं. स्पष्टच सांगते, मला जायचं नव्हतं.

आणि जागा मिळाली होती की! कृष्णातच्या आईची, माईची. सगळी गल्ली तिला माईच म्हणायची. तिच्या माडीवरची खोली, बाहेरनं स्वतंत्र जिना, खाली नळ. दिवाळीत मी कृष्णातला घरी सोडायला गेले तेव्हा माईनंच विषय काढला. "आमच्या कृष्णातची बाई तू. तुला न्हाय तर कुणाला देणार? नाताळ झाला की सामान घेऊन या." दरवर्षी ईदेला आमचा शीरखुर्मा तिच्या घरी जायचा आणि वाटी धुऊन, त्यात साखर घालून परत यायची. मी तिथल्या तिथं मनात खोली लावून टाकली. पलंग खिडकीखाली, स्टोव्ह कोपऱ्यात.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी माई बालवाडीच्या दारात आली. डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला बोलू. "सलिमा, खोली गेली बघ. तात्यांचा भाचा शिरोळहून कॉलेजला येतोय. घरचंच पोर, न्हाय कसं म्हणायचं?" तात्या म्हणजे तिचा नवरा. मी काय केलं? मी तिची समजूत काढली! म्हटलं, "असू दे माई, घरचं पोर आधी." घरी येऊन दिलदारला सांगितलं. तो म्हणाला, "भाचा आत्ताच कुठनं उगवला?" मला त्याचाच राग आला. म्हटलं, सगळ्यांवर संशय घेऊ नये माणसानं.

दुसऱ्या दिवशी शेवटची तालीम. कृष्णातचं पुन्हा तेच, या की पावणं. माझं डोकं फिरलं होतं. मी त्याला जवळ ओढलं आणि म्हटलं, "हे बघ, तुझ्या घरी कुणाला जागा द्यायची नसली तर कसं म्हणतात? तसं म्हण. अगदी घरच्यासारखं."

त्याचा चेहरा उजळला. "तसं व्हय? मग येतंय की मला!"

कार्यक्रमाला पटांगण भरलं होतं. पुढं सतरंजीवर आया, मागं बाप्ये उभे. माई पहिल्या रांगेत, तात्या मागं भिंतीला टेकून. मी पडद्याआड, पोरं विसरली तर सांगायला. ज्ञानूनं काठी आपटली. "लांबनं आलोय, रातीपुरती जागा द्या."

कृष्णातनं दार उघडलं. एक हात कमरेवर, दुसऱ्यानं नसलेला पदर सारखा केला. हुबेहूब माई. लोक लगेच हसायला लागले.

"जागा हाय की," तो ठसक्यात म्हणाला. "पर ह्यास्नी न्हाय. उद्या मटणाचा वास सुटंल माडीवर. गल्ली काय म्हणंल?" मग उलटा फिरून, तात्यांसारखा आवाज जाड करून, "आगं, पर तू कबूल केलंतंस." पुन्हा पदर सारखा करून, "मग सांगू भाचा येणार हाय म्हणून. मुसलमान हाय म्हणून न्हाय, आसं तोंडावर सांगतंय व्हय कुणी?"

हसू कुठल्या शब्दावर थांबलं ते मला नीट कळलं. पटांगणात नुसती मेंढरं बें बें करत होती. बायडा बिचारी गोंधळली. हे तालमीत नव्हतं. ती म्हणाली, "मग आमी कुटं जायाचं?"

कृष्णात पुढचं विसरला होता. त्यानं पडद्याकडं बघितलं. सगळं पटांगण पडद्याकडं बघत होतं. सांगायला मीच होते.

"मागं गोठा हाय म्हण," मी म्हटलं. "तिकडं जावा म्हण."

त्यानं ते खणखणीत म्हटलं, आणि खेळ पुढं गेला.

लाडू वाटताना माई माझ्याकडं आली. तोंड उतरलेलं. "पोराचं काय मनावर घेतीस? त्याला काय कळतंय? टीव्ही न्हाय, रेडिओ न्हाय, कुठनं उचलतंय कुणास ठाऊक..." तात्या लांबच उभे, चप्पल शोधत. मी काही बोलणार, तेवढ्यात कृष्णात आमच्या दोघींच्या मधे घुसला आणि माझा हात ओढला.

"बाई, बरोबर म्हटलं न्हवं? घरच्यागत?"

मी खाली वाकले. त्याच्या हातावर दोन लाडू ठेवले, सगळ्यांना एकेकच होता.

"बरोबर म्हटलंस बाळा," मी म्हटलं. "एक शब्द चुकला न्हाईस."

माईनं तिथल्या तिथं त्याच्या पाठीत धपाटा घातला. कशाबद्दल ते त्याला अजून कळलं नसेल. मी कुरुंदवाडला निघाले त्या दिवशीही माडीवरच्या त्या भाच्याच्या खोलीची खिडकी बंदच होती.