मागच्या पडवीतली नवसी

मंडळी, घरी पाहुणे आले की आपण काय काय लपवतो? फाटकी गोधडी, पोचे पडलेलं पातेलं, खाटेखाली सारलेल्या चपला. समुद्रकाठच्या एडवण गावातल्या काशीबाईंनी मात्र त्या दिवशी जे लपवलं होतं, ते पाहून त्यांच्या पोटच्या पोरीला दरदरून घाम फुटला.

ती पोरगी म्हणजे जमना. केनियातल्या एका धर्मादाय इस्पितळात नर्स होती. वाकड्या पायांच्या, पोलिओच्या मुलांची सेवा करून साडेपाच वर्षांनी, एकोणीसशे पंच्याऐंशीच्या मे महिन्यात, त्याच दिवशी सकाळी ती घरी आली होती. ओटीवर आळीतल्या बायकांची ही गर्दी! काशीबाई भिंतीवरचे फोटो दाखवत होत्या आणि त्यांचं तोंड काही थांबत नव्हतं.

"ह्यो पाय बगा, पार आत वललेला. नि ह्यो माज्या जमनानं सरल केलेला!"

"अगं आई, डॉक्टरांनी केला. मी नुसती प्लास्टरच्या पट्ट्या भिजवून द्यायचे," जमना हसून म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली.

मागच्या पडवीत जाळ्यांचा ढीग होता. तो हलला. मांजर असेल म्हणून तिनं वाकून पाहिलं, तर जाळ्यांमागे चार-पाच वर्षांची मुलगी! दोन्ही पावलं आत वळलेली, तळवे वर आलेले, पावलांच्या कडेला घट्टे पडलेले.

जमनाच्या हातातला पेला खाली पडला. असे पाय तिनं शेकड्यांनी पाहिले होते. पण आपल्याच घरात?

"कोणाची गं तू?"

"कमलाकांतची. मी नवसी."

कमलाकांत म्हणजे जमनाचा सख्खा भाऊ! दर पत्रात 'सर्व खुशाल' लिहिणारा. आपल्याला मूल झालंय, एवढंसुद्धा त्यानं कळवलं नव्हतं.

नवसीच्या हातात एक फोटो होता, जमनानंच पाठवलेला. पायांना प्लास्टर घातलेली तिकडची एक पोर त्यात खिदळत होती.

"तूच ना जमनाआत्या? ही पोरपन मागंच बसायची का गं?"

गेल्याच वर्षी केनियात एका आईनं सहा वर्षांचा मुलगा झोपडीत लपवून ठेवला होता, तेव्हा जमना तिच्यावर कडाडली होती, "आमच्या देशात असं कोणी करत नाही!" ती बाई मान खाली घालून रडली होती. ते आठवलं आणि जमनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पेल्याचा आवाज ऐकून काशीबाई धावत आत आल्या.

"आई, हे काय गं? माणसं आहात की कोण!"

"हलू बोल, बाहेर बायका हायत! इंदूनं पोटुशी असताना ग्रहनात मासली कापली, त्याचं फल. तुला काय कलवायचं? तू जगाची पोरं बरी करतेस नि घरात ह्यो असा परकार! लोकं तोंडात शेन घालतील."

चुलीपाशी उभी असलेली इंदू, जमनाची वहिनी, आजवर सासूपुढे कधी बोलली नव्हती. आज बोलली.

"आई, मासलीची बोट लागली होती, तवा कापायला तुमीच बसवलंत. नि शेजारची भागीपन पोटुशी होती, माज्याजवलच बसून कापत होती. तिचा पोरगा किनाऱ्यावर धावतो! ग्रहन एकच, मासली एकच, मग माज्याच पोरीचे पाय कसे वाकडे?"

"केनियात असंच पोर लपवणाऱ्या एका बाईला सासरचे म्हणत होते, तू सरडा मारलास म्हणून," जमना म्हणाली. "इथं ग्रहण, तिथं सरडा, दोष मात्र दोन्हीकडे आईचाच! अगं, पोटातच पाऊल वळतं, त्यात कोणाचा हात नसतो. जन्मल्याबरोबर प्लास्टर घातलं असतं तर आज ही धावली असती. आता ऑपरेशन लागेल. पण पाय सुधारतील गं, अजून वेळ गेलेली नाही!"

काशीबाई नवसीजवळ खाली बसल्या. "रोज फोटू पुसते मी. त्या पोरांचे फोटू. नि ही इथं..."

तेवढ्यात ओटीवरून हाक आली, "जमने, कुठं राहिलीस?"

काशीबाई उठल्या. आता जाळी पुन्हा पुढे ओढणार, असंच जमनाला वाटलं. पण नाही! त्यांनी नवसीला कडेवर घेतलं आणि तडक ओटीवर गेल्या.

"ही माजी नात, नवसी. पाय वाकडे हायत. जन्मताच गेली असं सांगून मीच लपवली होती, माजीच अक्कल गेली होती. उद्या पयल्या यष्टीनं पालघरला नेनार, तिथनं मुंबईला डॉक्टरकडं. कोनाला काय बोलायचं ते आताच बोला!"

भागी सरकली आणि तिनं चटईवर जागा केली. नवसी मात्र बायकांकडे बघतच नव्हती. ती सुरूच्या झाडांपलीकडे बघत होती.

"आजी, समुद्र इतका जवल हाय?"

रोज लाटांचा आवाज ऐकणाऱ्या पोरीनं समुद्र पाहिला नव्हता! काशीबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या हमसून हमसून रडल्या.

वाचकहो, वाकडी पावलं सरळ करणारे हात जगात आहेत, आपल्याकडेही आहेत. पण त्या हातांपर्यंत मूल पोचायचं, तर आधी ते मागच्या पडवीतून पुढच्या ओटीवर यायला हवं. तिथवर त्याला आपणच न्यायचं आहे. लाज त्याच्या पायांची वाटायला नको, आपण त्याला लपवलं याची वाटायला हवी!