मुठीतली कुपी

कडकन आवाज झाला आणि गप्प घर जागं झालं. ट्रे पिळून तिने बर्फाचे खडे सुटे केले आणि फडक्यात बांधले. बाबांच्या पट्टीखाली गाल अजून सुजलेला होता.

बाबा घड्याळजी. चाळीस वर्षं ज्या डोळ्याला भिंग लावलं, नेमका तोच गाठीपायी काढावा लागला. त्यावरही त्यांची मिश्किली चालूच. "डावा इतकी वर्षं उमेदवारी करत होता, आता कायम झाला," असं ते येईल त्याला सांगत. आता नातीला बुटाची नाडी बांधायला शिकवणं चाललं होतं. एका डोळ्याने अंदाज चुकत होता. बोटं नाडीच्या अलीकडेच मिटत होती.

तिला बघवेना.

डोळ्यातल्या गाठींचा अभ्यास चालतो त्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. प्रथिनांवर बारीक खुणा चिकटतात. खूण असली की एखादं प्रथिन पेशीला 'वाढ' म्हणतं, निघाली की तेच गप्प बसतं. कुठल्या खुणांची गाठ पुढे पसरते, याचा शोध तिथे चालला होता. खुणा भारी नाजूक, ऊब लागली की गळतात. म्हणून नव्या मुलींना ती पहिल्याच दिवशी दटावायची, की कुपी बर्फातून काढायची ती कामाला, कौतुकाला नाही.

परवा सतरा नंबरची कुपी आली. कुपीवर नाव नसतंच. पण आदल्या दिवशी शस्त्रक्रिया एकच झाली होती, आणि शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बाकड्यावर ती स्वतःच बसली होती.

आत गाठीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. राग यायला हवा होता. पण बाबांचंच होतं ते. तिची मूठ आपसूक मिटली. भानावर आली तेव्हा कुपी अंगाइतकी कोमट झाली होती, आणि दुसरा तुकडा नव्हता.

तिने प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना काही न लपवता सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि वही पुढे केली.

"वहीत लिही," म्हणाल्या. "कारण खरं लिही."

'नमुना सतरा बाद. हातात धरला.'

डॉक्टरांच्या तपासण्या वेगळ्या, त्या यथावकाश होणार होत्या. पण त्या खुणा काय बोलल्या असत्या, ते आता कुणालाच कळणार नव्हतं. बाबांना तिने अजून सांगितलं नव्हतं.

फडकं गालाला लागताच बाबा शहारले.

"राहू दे गं ते जरा. नुसता हात ठेव. तुझ्या हाताला छान ऊब असते."

तिने फडकं खाली ठेवलं. कोरडा होता तो हात त्यांच्या गालावर टेकवला आणि तसाच राहू दिला.

खाली लेकीने नाडीचं टोक ओढलं. आजोबांनी कशीबशी बसवलेली गाठ सुटली. ती सुटलेल्या नाडीकडे बघत राहिली, मग आजोबांच्या पट्टीकडे.

"आई, आजोबांची गाठ पण अशीच सुटली ना? आता परत नाही ना बसणार?"