वर्नीस मावशी आणि विम्याचा फोन

वर्नीस मावशीला एकच व्यसन होतं, ते म्हणजे फोनवरच्या लबाडांना बनवणं. कुणी लॉटरी लागल्याचं सांगो, कुणी बँकेचं कार्ड बंद पडल्याचं, मावशी फोन स्पीकरवर टाकून त्याला असा नाचवायची की शेवटी तोच रडकुंडीला येऊन फोन ठेवायचा. चर्चमधल्या बायका प्रवचनापेक्षा तिच्या किश्श्यांची जास्त वाट बघायच्या.

त्या दुपारी अमेरिकेतल्या मेम्फिसच्या घरात ती कोलार्डच्या भाजीची पानं निवडत बसली होती. आतल्या खोलीत तिची भाची डेनिशा पडदे ओढून पडली होती. आठवा महिना, ठणकणारं डोकं, आणि पाय इतके सुजलेले की मावशीच्या नवऱ्याच्या सपाता घालून फिरायची. दोनदा हॉस्पिटलात जाऊन आली. डॉक्टरने दोन्ही वेळा "पहिलटकरणीला असं व्हायचंच" म्हणत गोळी देऊन वाटेला लावलं. काळ्या बायकांना दुखतं हे या लोकांच्या डोक्यात कधी शिरणार, म्हणून मावशी चडफडली. पण डॉक्टरपुढे कुणाचं चालतंय!

फोन वाजला.

"मी नर्स टवांडा ग्लॅडनी, तुमच्या विमा कंपनीतून. डेनिशा आहेत का?"

मावशीचे डोळे चमकले. विमा कंपनी पैसे नाकारायला पत्र धाडते. तब्येत विचारायला फोन करते म्हणजे हा लबाड अगदीच नवशिका.

"मीच डेनिशा," मावशीने आवाज बारीक केला. "बोल गं राणी."

"कसं वाटतंय?"

"डोक्याचा ढोल झालाय, पाय हत्तीचे. तुला काय हवंय, कार्डाचा नंबर?"

"नंबर नको. डोळ्यांपुढे काही दिसतं का?"

डेनिशा सकाळी जे म्हणाली तेच मावशीने ठोकून दिलं. "काजवे! फुकटची रोषणाई. त्याचंही बिल लावणार का?"

पलीकडे कुणी हसलं नाही.

"उजव्या बरगडीखाली दुखतं?"

मावशीचा हात थांबला. पोर रात्रभर तिथेच हात दाबून कण्हत होती. या बाईला पैशांचं सोडून बरगडीचं काय पडलंय?

"मी डेनिशा नाही गं, तिची मावशी. पण सगळं खरंय. तू खरंच नर्स आहेस?"

"खरंच, मावशी. आणि तुमच्यासारखीच काळी. बाळंतपणात आपल्या बायका जास्त मरतात, हे आमच्या कंपनीला एकदाचं कळलंय. म्हणून आता आम्हीच फोन करतो, आणि सगळे आम्हाला चोर समजतात. ॲम्ब्युलन्स पाठवते. फोन ठेवू नका."

हॉस्पिटलात तोच डॉक्टर. "मागच्या वेळी सांगितलं ना..." त्याने सुरुवात केली. मावशीने फोन त्याच्या नाकाखाली धरला.

"पेशंटच्या विमा कंपनीतून बोलतेय," नर्स म्हणाली. "प्रेशर आत्ता मोजा. मी ऐकतेय."

डॉक्टरची पाठ ताठ झाली. प्रेशरचा पट्टा आला, भलताच चढलेला आकडा दिसला आणि मग जी पळापळ झाली ती विचारू नका. मावशीला हसू आलं आणि संतापही आला. पोर कण्हली तेव्हा कुणी मान वर केली नव्हती. पैसे भरणारी नुसती खाकरली तर सगळे खडबडून उभे!

संध्याकाळी पोट उघडून मुलगी काढली. मुठीएवढी, पण आवाज असा की मावशीने लगेच ओळखलं, ही आपल्याच घराण्यातली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेशी आला. "आणखी उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या," तो म्हणाला. "इतकं होत होतं, तर आधी सांगायचं नाही का?"

मावशी बाह्या सावरून पुढे सरसावली, पण डेनिशाने तिचा हात धरला.

"सांगितलं होतं, डॉक्टर," ती म्हणाली. "दोन्ही वेळा, तुम्हालाच."