झालेल्याचा डबा

विमल बाकाखाली शिरून किंचाळत होती, आणि आज नेमकं काय बिनसलं ते अनसूयाबाईंना कळत नव्हतं.

"बाई, शाळेतून हिचं नाव काटावंच लागेल," मोठ्या बाई, इंदुताई, दारातून म्हणाल्या. "तुमची बदली झाली, तुम्ही सोमवारपासून जबलपूरला. मग हिला कोण पाहणार? तुमच्या जागेवर येणाऱ्या सक्सेना बहनजी तर साफ नाही म्हणून राहिल्यात."

जबलपूर गेल्या महिन्यापर्यंत दुसऱ्या राज्यात होतं. एक नोव्हेंबरला सरकारने दोन्ही राज्यं एकत्र कालवली, आणि खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या या मुलींच्या शाळेत रोज नवा हुकूम येऊ लागला. मोठ्यांनाच काही सुधरत नव्हतं, तिथे आठ वर्षांच्या विमलची काय कथा!

विमल नजरेला नजर देत नसे. "जेवलीस का?" विचारलं तर "जेवलीस का?" असंच म्हणे. कुणी तिला वेडी म्हणे, कुणी हट्टी. अनसूयाबाईंना दोन्ही पटत नसे, पण तिसरं नाव त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी गोडीगुलाबीने पाहिलं, रागावून पाहिलं. एकदा चापट मारली, आणि त्या दिवशी स्वतःच जेवल्या नाहीत.

मग कधीतरी लक्षात आलं, पोरीला सांगितलेलं उमगत नाही, दाखवलेलं उमगतं. संस्थान गेल्यापासून रद्द झालेले फॉर्म कपाटात पडून होते. त्यांच्या पाठीवर बाईंनी चित्रं काढली: प्रार्थनेचे जोडलेले हात, पाटी, जेवणाचा डबा, घरी जायची चप्पल. ती दिवसाच्या क्रमाने भिंतीवर लागत. एकेक काम उरकलं की विमलने त्याचं चित्र भिंतीवरून काढून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात पालथं टाकायचं आणि बाईंनी म्हणायचं, "झालं." विमल मागून म्हणे, "झालं."

आता बाईंनी भिंतीकडे पाहिलं. पहिले जोडलेले हात. आणि आज नव्या हुकमाने आधी कवायत झाली होती!

"अगंबाई, तुला कुणी दाखवलंच नाही गं!"

त्यांनी घाईघाईने कवायतीचं चित्र काढून पहिलं लावलं. विमल किंचाळायची थांबली. बाकाखालून निघून जागेवर बसली.

शनिवारी बाईंनी चपलेनंतर आणखी दोन चित्रं लावली. एक हिरव्या काठांच्या लुगड्यातली बाई, म्हणजे त्या स्वतः. तिच्यानंतर चष्मेवाली बाई, म्हणजे सक्सेना बहनजी. बहनजींना त्यांनी शेजारी बसवून घेतलं.

"बस, इतने से हो जाएगा?" बहनजींनी विचारलं.

"पता नहीं, बहनजी. मलाच कळत नाही. करून बघा."

सुटीची घंटा झाली. विमलने चपलेचं चित्र डब्यात टाकलं. मग, कुणी न सांगता, हिरव्या काठांची बाई भिंतीवरून काढली, पालथी करून डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

"झालं," ती म्हणाली. तिच्याआधी कुणीच बोललं नव्हतं.

ती चष्मेवालीच्या चित्राकडे पाहत शांत बसून राहिली. बहनजींनी हळूच म्हटलं, "बड़ी बाई से कह दीजिए, नाम रहने दें."

हेच तर हवं होतं. मग बाईंना बरं का वाटू नये? आपल्यासाठी तरी ही एकदा किंचाळेल, अशी मनात आशा होती, हे त्यांना आत्ता कळलं, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

त्या दारात आल्या आणि चपला घातल्या. उजव्या पायात डावी गेली होती. त्यांनी ती काढली आणि पुन्हा नीट घातली.