खिळ्यावरची किल्ली

शिवांजलीने सोप्यातल्या खिळ्यावरून पितळी किल्ली काढली, चिंच लावून घासली आणि ओढणीला पुसत आजोबांपुढे धरली.

“आबा, आज ही समद्यांना दाखवणार हाय मी.”

उंबऱ्यावर तंबाखू मळणाऱ्या सयाजींचा अंगठा थांबला.

“कशापायी?”

दसऱ्याची दुपार होती. शिवेवर आपट्याच्या फांद्या रोवून झाल्या होत्या. सोनं लुटण्याआधी पाच मिनिटं बोलायची संधी तिने मंडळाशी भांडून मिळवली होती. रसायनशास्त्र शिकलेली पोरगी शब्दांच्या मागे लागली म्हणून आई हसत होती.

“आपला ‘लूट’ शब्द इंग्रजांनी हिंदीतनं उचलला, आबा. मूळ संस्कृत. नेमकं कुठल्या शब्दातनं, त्यावर जाणकारांचं एकमत न्हाई, तेबी सांगणार. पूर्वी दसऱ्यालाच फौजा निघायच्या. मग लुटीची खरी वस्तू म्हणून ही. तुमी लढाईतनं आणलेली.”

“लूट कोण म्हणतं?”

“सगळं गाव.”

सयाजींनी तंबाखू पुन्हा डबीत टाकली.

“सरहद्दीपल्याडचं गाव. माणसं पळालेली. एका घरात चूल अजून गरम. कुलूप किल्लीसकट कोयंड्याला लोंबत हुतं. मागनं येणाऱ्यानं काय उचलू न्हाई, म्हणून मी ते लावलं. किल्ली खिशात घातली. सांजच्याला आमाला तिथनं हलवलं.”

“मग?”

“मग काय. ती माणसं परतली असतील, तर आपल्याच दाराचं कुलूप फोडलं असंल त्यांनी.”

हलगी वाजू लागली. गल्लीतली माणसं दारं नुसती ओढून निघाली.

“चला की आबा. दरवर्षी घरीच बसता.”

“समद्यांची दारं उघडी हाईत. कुणीतरी बसाय पायजे.”

तिने किल्ली परत खिळ्याला अडकवली आणि पळत सुटली.

शिवेवर ती भरभर बोलली. शब्दाचा प्रवास सांगताना तिचा आवाज चढला, पोरं कान देऊन ऐकू लागली. हातातल्या कागदावरची ‘लुटीचा पुरावा: आबांची किल्ली’ ही ओळ मात्र तिने वाचली नाही. मग एकच गलका झाला. कोपर खरचटेपर्यंत धक्के खात तिने डहाळी मोडली.

घरी ती सगळ्यांच्या आधी पोचली. आबांच्या हातात पानं ठेवून वाकली.

“सोनं घ्या, आबा.”

“सोन्यासारखी ऱ्हा.”

मुठीत आणखी एक पान होतं. ते तिने खिळ्यावर, किल्लीमागे खोचलं.

सयाजी भिंतीला धरून उठले आणि वाऱ्याने पडू नये म्हणून त्या पानाचा देठ किल्लीच्या कडीतून नीट ओवला.