केकच्या भांड्यातला समुद्र

कटकन् आवाज झाला आणि मी पाळण्याकडे धावले. बाळ हललंही नव्हतं. दुपारचा हा एवढाच वेळ माझा असतो, तोही अर्धा कान पाळण्यात ठेवून.

आवाज स्वयंपाकघरातून आला होता. ताई बर्फाचा ट्रे पिळत उभ्या होत्या.

"सॉरी वहिनी! एवढा वाजेल असं वाटलं नव्हतं."

ताई म्हणजे माझ्या नणंद. जहाजावर असतात. समुद्राच्या पोटात यंत्रं सोडून पाण्याची ऊब आणि खारटपणा मोजतात. वर्ष वर्ष घरी येत नाहीत. या खेपेला आठवडाभर राहिल्या, पण माझी थोरली लेक काही त्यांच्या वाऱ्याला उभी राहीना. पहिल्या दिवशी तर "ह्या कोण?" म्हणत माझ्यामागे लपली. ताई हसल्या, आणि मग बराच वेळ उगीच बॅगेची चेन उघडत-लावत बसल्या. आता ती बॅग भरून दाराशी ठेवलेली. सकाळी निघायचं होतं. लेकीला आपलंसं करायची ही शेवटची दुपार.

केकच्या काचेच्या भांड्यात त्यांनी पाणी भरलं. एका टोकावर टेबललॅम्प वाकवला. "हा सूर्य." दुसऱ्या टोकाला निळी शाई घालून गोठवलेले बर्फाचे खडे सोडले. लेक दाराआडून एका डोळ्याने बघत होती.

"आता बघ हं, गार पाणी कसं बुडी मारतं!"

निळं पाणी कसलं बुडी मारतंय! सायीसारखं वरच पसरलं.

"नाही बुडालं," दारातून आवाज आला. आठवडाभरात आत्याशी बोललेले पहिले शब्द, आणि तेही चूक काढायला.

ताईंनी बोट बुडवून चाटलं आणि कपाळाला हात लावला. "मीठ! सवयीने मूठभर मीठ टाकलं मी!"

"पाण्यात?" मी विचारलं.

"समुद्र म्हटला की हात आपोआप डब्याकडेच जातो गं. खारं पाणी जड, बर्फाचं गोडं पाणी हलकं. ते कशाला बुडेल!"

लेक खुदकन हसली. "आत्या वेंधळी आहे!"

मी दटावणार होते, पण ताईंचा चेहरा खुललेला दिसला. लेकीने पहिल्यांदाच त्यांना 'आत्या' म्हटलं होतं!

"आहेच मुळी," ताई म्हणाल्या. "पण बर्फाच्या मुलखात खरंच असं व्हायला लागलंय. वितळलेलं पाणी वरच अडून बसतंय. तेच बघायला जाते मी. चल, बिनमिठाचं पाणी आण."

ताईंनी भांडं रिकामं केलं. लेकीने पाण्याचा तांब्या भरून आणला, निम्मा फरशीवर सांडत. नवे निळे खडे सोडले, तर या वेळी निळी धार बर्फाखालून सरळ उतरली आणि तळाशी सरपटत सूर्याकडे निघाली. ताईंनी लॅम्पखाली चमचाभर कोमट लाल पाणी अलगद सोडलं. ते वरच्या वर बर्फाकडे सरकू लागलं.

"पृथ्वीच्या मधल्या देशांवर ऊन सरळ पडतं, टोकांवर तिरपं. मग मधली ऊब टोकांना पोचवणार कोण? वारा, आणि हे पाणी. मी दोन बंदरं पाहिलीत, दोन्हींवर ऊन तेवढंच तिरपं. एक हिवाळ्यात गोठतं, दुसरं नाही. का? तर त्याच्या दारावरून हे लाल पाणी जातं."

शाळेत मी नकाशावरचे लाल-निळे बाण पाठ केले होते. ते असे जिवंत चालताना आज पाहिले. आणि ज्या बाईच्या थंडीने फुटलेल्या बोटांनी ते मोजले, ती माझ्याच टेबलावरचं सांडलेलं पाणी पुसत होती.

लेक आत्याच्या मांडीवर कधी चढली, कळलंच नाही.

"खाली गेलेलं पाणी वर कधी येतं?"

"येतं गं. पण कधीकधी हजारेक वर्षं लागतात."

लेकीने दाराजवळच्या बॅगेकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

"आई, इतक्या दिवसांनी वर आल्यावर सूर्य त्याला ओळखतो का?"