पडद्याआडचा काटा

लोसालिनेचे पाय सुजून खांबासारखे झाले होते. हृदय थकलंय, अंगात पाणी साठतंय, असं सांगून डॉक्टरांनी तिला बेटावरच्या इस्पितळात ठेवून घेतलं. पाणी उतरतंय की वाढतंय ते कळावं म्हणून रोज वजन करायचं होतं. पण काटा होता बायकांच्या वॉर्डाबाहेर, बाकाला लागून. आणि त्या बाकावर दिवसभर तिचा भाऊ सेमिसी बसलेला असायचा. बहिणीच्या खाटेजवळ भावाने जायचं नाही, त्याच्यासमोर तिच्या अंगाचं काही बोलायचं नाही, ही तिथली रीत; म्हणून घरचा डबा तो दुसऱ्या बायकांच्या हाती आत पाठवायचा.

वजन करणारी नर्स आकडा मोठ्याने ओरडायची आणि आतली लिहून घ्यायची. सख्ख्या भावासमोर आपल्या अंगाचा आकडा! लोसालिनेला नुसत्या कल्पनेनेच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग रोज नवं निमित्त. कधी चक्कर, कधी गुडघा. नर्सांनाही घाई असायची. "बरं मावशी, उद्या," म्हणून त्या पुढच्या खाटेकडे वळायच्या.

एका सकाळी तीन उशांना टेकूनही तिला श्वासच पुरेना. डॉक्टर धावत आले, इंजेक्शन दिलं, तेव्हा कुठे धाप बसली. दुपारी वॉर्डची मोठी सिस्टर वाइमोआना तिच्या खाटेवर येऊन टेकली.

"मावशी, वजन केलं असतं तर हे आधीच कळलं असतं. काट्याला एवढं काय घाबरता?"

"काटाच हिला घाबरत असेल!" शेजारच्या खाटेवरची केलेसी म्हणाली.

"तू गप गं," लोसालिनेने तिला झापलं. मग आवाज खाली आणून ती सिस्टरला म्हणाली, "बाहेर कोण बसलंय, बघ जरा."

वाइमोआनाने दारातून डोकावलं. सेमिसी मान खाली घालून बसला होता, मांडीवर डबा. तिचा चेहराच बदलला. तिलाही भाऊ होते.

"अगं बाई! आमच्या एकीच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही काय परदेशातून आलोय?"

"मला वाटलं, तुम्ही म्हणाल, म्हातारी नखरे करते."

"ते तर म्हणतच होतो," वाइमोआना म्हणाली, आणि तिघीही हसत सुटल्या.

त्याच दिवशी काटा आत आला, कपड्यांच्या खोलीत. वाइमोआनाने स्वतः पडदा लावला. आता वजन सकाळी, खाण्याआधी, अंगावर इस्पितळाचा झगा असताना. आणि जी नर्स वजन करील तिनेच गुपचूप लिहायचं. बायका आपणहून येऊ लागल्या. थट्टेखोर केलेसी मात्र रोडावत चालली होती, ते तेव्हा समजलं. तिच्या ताटात अंडी-दूध वाढलं. ती कुरकुरली, पण खाल्लं सगळं.

लोसालिनेचं वजन रोज थोडं थोडं उतरत गेलं. औषध लागू पडत होतं. पायांवर पुन्हा घोटे दिसू लागले, तेव्हा ती कितीतरी वेळ त्यांच्याकडेच बघत बसली.

घरी सोडायच्या दिवशी सेमिसीने सिस्टरला अदबीने विचारलं, "बरी आहे ना ती?"

"अगदी बऱ्या आहेत. आता घरीही रोज वजन करायचं. वहिनींना समजावलंय सगळं."

"तिचं तीच बघेल," तो घाईघाईने म्हणाला. मग तोंड वळवून त्याने बाहीने डोळे पुसले आणि गाडी आणायला गेला.

घरी वहिनीने नीरफणस भाजून ठेवला होता. तो खाऊन लोसालिने चटईवर एकाच उशीवर आडवी झाली, ती संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा होईपर्यंत उठली नाही.